गांधीलमाशीच्या घरात बिनभाड्यानं राहणारी माशी

या खेपेला आलेली पत्रं आणि व्हॉट्सअपवरचे मेसेज मिळून निम्म्याच्या वर किड्यांचेच निघाले. पाऊस उघडला की दरवर्षी असंच होतं, सगळीकडं काहीतरी गुणगुणायला लागतं आणि लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, चावतंय का. म्हणून म्हटलं बोअरचं क्षाराचं पाणी, कुंडीतला कढीपत्ता वगैरे पुढच्या अंकाला ढकलू आणि माशांचं एकदाच काय ते उरकून घेऊ.

प्रश्न : मी ऑगस्टमध्ये लेकीकडं इंग्लंडला होते, साउथॅम्प्टनला. नात दोन वर्षांची. एका दुपारी खिडकीच्या पडद्यावर ही एवढी मोठी पिवळी-काळी माशी येऊन बसली, अंगठ्याच्या पेराएवढी. जावई म्हणाले ही हॉर्नेट आहे, म्हणजे मोठी गांधीलमाशी, पोरीला घेऊन बाहेर व्हा, आणि चप्पल घेऊन आले. मी म्हटलं अहो थांबा जरा, ही बघा पुढचे पाय कसे चोळतेय, गांधीलमाशी कधी अशी पाय चोळत बसते का. शेवटी ग्लासात धरून बाहेर सोडली पण वाद काही मिटला नाही. फोटो पाठवतेय. नक्की काय होतं ते?
— विश्रामबाग, सांगलीहून एक आजी

आजी, जावयांना निरोप द्या की सासूबाई जिंकल्या. तुम्ही जी खूण पकडली ती एकदम बरोबर, जेवणाच्या ताटावर बसणारी घरमाशी जशी पाय चोळते तशीच ही चोळते, कारण ही सुद्धा माशीच आहे. नुसती अंगावरचे कपडे गांधीलमाशीचे घालून आलेली. नांगी नाही, चावत नाही, नातीच्या हातावर बसली असती तरी काही झालं नसतं.

हिचं नाव व्होल्युसेला झोनारिया. व्होल्युसेला ही मोठ्या आकाराच्या हॉवरफ्लायची एक प्रजाती आहे, म्हणजे कुळातलं एक घराणं समजा, १७६२ साली जॉफ्रॉय नावाच्या फ्रेंच कीटकतज्ज्ञानं हे नाव दिलं. हॉवरफ्लाय म्हणजे त्या हवेत एका जागी टांगल्यासारख्या उभ्या राहणाऱ्या माशा, आपले कृषीवाले त्यांना सिरफिड माशी म्हणतात. चतुराला पोरं हेलिकॉप्टर म्हणतात, पण खरं तर ते नाव हिला द्यायला पाहिजे होतं. जगात या माशांच्या सहा हजाराच्या आसपास जाती आहेत, बऱ्याचशा तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या इतपतच, त्यात व्होल्युसेला म्हणजे पैलवान. झोनारिया साधारण दोन सेंटीमीटर भरते आणि इंग्लंडातल्या हॉवरफ्लायमध्ये अंगानं तीच सगळ्यात मोठी.

आता फोटोतच बघा. पंख दोनच आहेत. गांधीलमाशीला चार असतात, पण बसली की ती पंखांची लांबीत घडी घालते म्हणून पटकन मोजता येत नाहीत, तेव्हा नुसत्या पंखांवर विसंबू नका. माशीचे मागचे दोन पंख झिजून त्यांच्या जागी गुंडीसारखे दोन बारके दांडे राहिलेत, ते उडताना तोल सांभाळायला. दुसरं, डोळे. अर्ध्याच्या वर डोकं नुसतं डोळ्यांनीच भरलंय. तिसरं, मिशा. गांधीलमाशीच्या मिशा लांब, हलत्या, माशीच्या अगदी आखूड, आणि व्होल्युसेलाच्या त्या आखूड मिशीवर पिसासारखा एक झुपकेदार केस असतो, भिंगातून बघितला तर फार सुंदर दिसतो. चौथं, कंबर. गांधीलमाशीची कंबर आवळलेली, हिला कंबरच नाही, आमच्यासारखी.

एक गंमत अशी की आजीच्या आईच्या काळात कुणी साउथॅम्प्टनला गेलं असतं तर बहुतेक ही माशी दिसलीच नसती. युरोपच्या मुख्य भूमीवर ती पहिल्यापासून आहे, पण इंग्लंडात आधी एखाददुसरीच सापडायची, १९४० च्या दशकात दक्षिण किनाऱ्याला ती पक्की स्थायिक झाली आणि मग लंडन धरून हळूहळू वर वर सरकत गेली. आता तिकडच्या बागांतून उन्हाळ्याच्या शेवटाला सर्रास दिसते, त्या जांभळ्या लांब तुऱ्याच्या बडलियावर तर हमखास.

हा फोटो मी साताऱ्यात आमच्या शेजारच्या पोरीला दाखवला, अकरावी सायन्सला आहे. ती दोन मिनिटं बघत बसली आणि मग कागदावर प्रश्न लिहूनच हातात दिला. तो खाली.

प्रश्न : काका, गुगल केलं तर कळलं की या माशीची अळी गांधीलमाशीच्या पोळ्यात वाढते. मग गांधीलमाशा तिला मारत कशा नाहीत? गांधीलमाशीसारखी दिसते म्हणून त्यांना ती आपलीच वाटते का?
— शाहूपुरी, सातारा

बाळा, हा प्रश्न शंभर-दीडशे वर्षं मोठमोठ्या लोकांनी डोक्याला लावून घेतलाय, आणि तू जे उत्तर प्रश्नातच लिहिलंयस तेच त्यांनाही आधी सुचलं होतं. माशीनं वेश घेतला तो पहारेकऱ्याला फसवून आत शिरायला, असं. ऐकायला झकास आहे, शाहिस्तेखानावरच्या छाप्याला शिवाजी महाराजांचे मावळे वऱ्हाड बनून पुण्यात शिरले तसं. पण घराण्यातल्या बाकीच्या भावंडांकडं बघितलं की ही गोष्ट गडगडते.

व्होल्युसेला पेल्युसेन्स घे. काळी कुळकुळीत, आणि पोटाला एकच रुंद पांढरा पट्टा. कुठल्याच कोनातून गांधीलमाशीसारखी दिसत नाही. तरी तिची मादी गांधीलमाश्यांच्या पोळ्यात सरळ चालत जाते, अंडी घालते आणि बाहेर येते, कुणी ढुंकून बघत नाही. उलट व्होल्युसेला बॉम्बिलान्स, ही बंबलबीसारखी दिसते. बंबलबी म्हणजे थंड मुलखातली ती गुबगुबीत केसाळ मधमाशी. या एकाच जातीच्या माशीत दोन-तीन वेगवेगळे पोशाख सापडतात, एक काळा आणि ढुंगणाला लाल, लाल शेपटाच्या बंबलबीसारखा, दुसरा पिवळ्या पट्ट्यांचा आणि ढुंगणाला पांढरा, दुसऱ्या बंबलबीसारखा. पण हिच्या अळ्या बंबलबीच्या घरात सापडतात तशा गांधीलमाशीच्या घरातही सापडतात, म्हणजे कपडे एकाच्या लग्नाचे आणि जेवायला भलत्याच मांडवात. आणि आजीची झोनारिया मोठ्या हॉर्नेटसारखी दिसते पण तिच्यापेक्षा लहान, जमिनीत पोळं करणाऱ्या साध्या गांधीलमाश्यांकडंही ती तितकीच राहते. शिवाय हे पोळं बिळात असतं, आत मिट्ट काळोख. तिथं पिवळा काय आणि काळा काय.

मग वेश कुणासाठी? पक्ष्यांसाठी. पक्षी एकदा गांधीलमाशीचा डंख खाल्ला की पिवळा-काळा पट्टा बघून लांबच राहतो आणि त्या भीतीवर ही बिनडंखाची माशी आयुष्य काढते. हेन्री बेट्स नावाच्या माणसानं अ‍ॅमेझॉनच्या जंगलात फुलपाखरांमध्ये हेच बघून १८६२ साली मांडलं, म्हणून अशा नकलेला बेट्सचंच नाव आहे, अकरावीच्या पुस्तकात नसेल तर बारावीला येईल.

पण तुझा खरा प्रश्न राहिलाच, आत गेल्यावर काय. इथं मला ही माशी सगळ्यात आवडते, कारण एकाच घराण्यात प्रत्येकीनं वेगळा धंदा धरलाय.

पेल्युसेन्स आणि झोनारियाच्या अळ्या म्हणजे पोळ्यातल्या झाडूवाल्या. जमिनीतल्या पोळ्याखाली एक खड्डा असतो, त्यात वरून सगळं पडत राहतं, मेलेल्या गांधिली, मेलेली पिल्लं, घाण, उष्टं. माशीच्या अळ्या तिथं राहतात आणि ते खातात. गांधिलीला यात तोटा काही नाही, उलट घर साफ राहतं. मग थंडी पडायला लागली की तिकडच्या गांधीलमाश्यांचं राज्य संपतं, तिथं पोळं एका वर्षाचंच असतं, नवीन राण्या बाहेर पडून कुठंतरी दडून बसतात आणि बाकीचे सगळे मरतात. पोळ्यात जी शेवटची पिल्लं राहतात त्यांना भरवणारं कुणी उरत नाही. तेव्हा या अळ्या खालच्या खड्ड्यातून वर चढतात आणि कप्प्याकप्प्यातून ती मरायला टेकलेली पिल्लं खाऊन टाकतात. खाऊन झालं की मातीत उतरायचं, हिवाळा अळी म्हणूनच काढायचा, वसंतात कोष करायचा आणि उन्हाळ्यात माशी होऊन फुलावर. म्हणजे आजीनं पडद्यावर बघितलेली ती देखणी बाई, तिनं अख्खं बालपण दुसऱ्याच्या घरातल्या उकिरड्यात काढलेलं असतं.

व्होल्युसेला इनॅनिस मात्र झाडूवाली नाही. ही झोनारियासारखीच दिसते, थोडी लहान. तिची अळी चपटी, पार दाबून काढल्यासारखी, आणि ते चपटेपण कशासाठी तर गांधिलीच्या पिल्लाच्या कप्प्यात, पिल्लू आणि भिंत यांच्या मधल्या फटीत घुसून बसायला. पिल्लू जिवंत, वरून गांधिली त्याला भरवतेय, आणि बाजूला ही चिकटून त्यालाच बाहेरून खातेय. वाचताना अंगावर काटा येतो, पण नीट विचार केलास तर किती बारीक काम आहे ते, भाडेकरू म्हणून नाही तर भिंतीतला ओलावा म्हणून राहायचं. हिची मादी पोळ्याच्या बाहेरच्या कागदी आवरणावर अंडी घालते, आत जायचं काम अळीचं.

आणि व्होल्युसेला इन्फ्लाटा या भानगडीतच पडली नाही. तिच्या अळ्या झाडाच्या खोडाला जखम होऊन जो चीक पाझरतो, त्या पाझरात वाढतात. एका घराण्यात एखादा संन्यासी निघतो तसं.

बंबलबीच्या घरात मात्र बॉम्बिलान्सच्या मादीचं दर वेळी निभावतंच असं नाही, कधी पकडली जाते आणि डंख खाऊन मरते. पण मरता मरताही तिच्या पोटातून अंडी बाहेर पडत राहतात, आपोआप, आणि ती पोळ्यातच पडतात. म्हणजे पहारेकऱ्यानं चोर मारला आणि चोराचा डाव तरीही साधला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चहा गार झाला होता माझा.

तू विचारशील आपल्याकडं आहे का हे घराणं. भारतात आहे, हिमालयाच्या बाजूला. ट्रेकला जाशील तेव्हा जंगलातल्या मोकळ्या जागेत, जिथं उन्हाची तिरीप पडते तिथं डोक्याच्या उंचीवर बघ, पेल्युसेन्सचे नर अशाच जागी हवेत उभे राहून हद्द राखत असतात.

प्रश्न : शाळूवर मावा आलाय, पानावर चिकटा पडलाय. पानं उलटून बघितली तर माव्यात हिरवट-मळकट, बिनपायाच्या अळ्या दिसत्यात, लेंडीसारख्या, पुढनं निमुळत्या. दुकानदार म्हणतोय अळी आलीय आता जालीम औषध मारायला लागंल. मारू का?
— तासगाव तालुक्यातून एक शेतकरी

दादा, पंप खाली ठेवा आधी. ती अळी ज्वारी खायला आलेली नाही, मावा खायला आलीय. वरच्या आजीच्या माशीच्याच कुळातल्या छोट्या माश्यांची ही अळी, सिरफिडची. तिला पाय नाहीत, डोळे नाहीत, तोंड इकडं तिकडं वळवत चाचपडत जाते आणि मावा लागला की त्याला तोंडात धरून वर उचलते आणि शोषून रिकामं कातडं टाकून देते. एक अळी कोषात जाईपर्यंत शेकड्यानं मावा संपवते. खात्री करायची असेल तर भिंग घेऊन दहा मिनिटं एका पानापाशी बसा, सकाळी लवकर किंवा तिन्हीसांजेला, समोर दिसेल. माव्यात मधूनच बारीक पांढरं, तांदळाच्या कणीसारखं एखादं अंडं दिसलं तर तेही हिचंच. आणि पानाला चिकटलेला पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा कोष दिसला तर तोही खरवडू नका. कधीकधी त्या कोषातून माशीऐवजी भलतीच बारकी गांधीलमाशी निघते, डिप्लाझॉन म्हणतात, ती सिरफिडच्या अळीत अंडं घालणारी, म्हणजे शेराला सव्वाशेर तिथंही आहेच.

तुमच्या जिल्ह्याला हे नवीन नाही खरं तर. २००२ च्या जुलैत उसावर लोकरी मावा आला तो पहिल्यांदा सांगली जिल्ह्यातच, आणि तिथून बघता बघता कर्नाटकात आणि पुढं गेला. ते दिवस आठवत असतील तर आठवा, पानाच्या मागं कापूस पिंजून चिकटवल्यासारखं, खालच्या पानांवर चिकट रस आणि त्यावर काळी बुरशी. पुरुषभर उंच उसात फवारा मारणार कुठून, मारला तरी पानाच्या मागं पोचतोय कशाला. शेवटी लोकरी मावा आटोक्यात आणला तो किड्यांनीच. डिफा नावाच्या पतंगाची अळी, मायक्रोमस नावाचा जाळीदार पंखांचा किडा, आणि तिसरी आपली सिरफिड, युपिओडिस कॉन्फ्रेटर. पहिल्या दोघांचं नाव झालं, लोकांनी पिशव्यांतनं अळ्या आणून सोडल्या शेतात, सिरफिडचं नाव कुणी घेतलं नाही कारण ती बिचारी आपली आपण येते.

तेव्हा मावा अळ्यांच्या मानानं फारच जास्त असेल, पोंगा चिकटून बसायला लागला असेल तर कृषी सहाय्यकाला शेतात आणून दाखवा, आणि फवारायचंच झालं तर निंबोळी अर्कापासून सुरुवात करा, पण दुकानाच्या काउंटरवरून पिकाचं निदान करून घेऊ नका. आणि बांधावर कोथिंबीर, बडीशेप, मोहरी अशी फुलावर आलेली दोन-चार झाडं राहू द्या. अळी मांसाहारी असली तरी तिची आई शाकाहारी आहे, तिला परागकण मिळाले तरच अंडी होतात.

प्रश्न : आमच्या गोठ्यामागं शेणपाण्याचा खड्डा आहे, त्यात पांढरट अळ्या झाल्यात आणि प्रत्येकीला उंदरासारखी लांब शेपूट! सासूबाई म्हणतात जंत आहेत, म्हशीच्या पोटातून आले. खरं का?
— वाईजवळून

जंत नाहीत, सासूबाईंना घाबरवू नका आणि म्हशीला औषध पाजू नका. ही पण सिरफिडच, एरिस्टॅलिस-एरिस्टॅलिनस गटातली, मधमाशीची नक्कल करणारी. ती शेपूट म्हणजे श्वासाची नळी. अशा सडक्या पाण्यात हवा नसते, म्हणून अळी तळाशी गाळात तोंड खुपसून बसते आणि नळी वर पाण्याबाहेर काढते, दुर्बिणीसारखी सरकून लांब होणारी. पाणी वाढलं की नळी वाढवते. यातून जी माशी निघते ती थेट मधमाशीसारखी, आमच्या गच्चीवर तुळशीच्या मंजिऱ्यांवर रोज असते, एरिस्टॅलिनस असेल तर डोळ्यांवर बारीक ठिपके असतात ते नक्की बघा. जुन्या ग्रीक आणि रोमन लोकांची पक्की समजूत होती की मेलेल्या बैलाच्या धडातून मधमाशा जन्म घेतात. सडलेल्या बैलाच्या पाण्यात याच अळ्या आणि त्यातून निघालेल्या याच माशा, बहुतेक त्यावरूनच ती समजूत पडली असावी असं कीटकवाले म्हणतात. तेव्हा तुमच्या सासूबाई एकट्या नाहीत, फार मोठमोठी माणसं या माशीला फसलीयत. खड्डा मात्र झाका, या अळीसाठी नाही, डासांसाठी.

प्रश्न : कासला गेलो होतो. सोनकीवर एक माशी हवेत अगदी स्थिर उभी होती, पण मोबाईलनं फोटो काढला की दर वेळी नुसतं फूलच येतंय, माशी गायब. काही ट्रिक आहे का?
— सातारा

आहे, पण ट्रिक म्हणण्याइतकी नाही, थांबायचं. माशी दचकून जाते तरी बऱ्याचदा त्याच जागी परत येते, विशेषतः नर, ती हवेतली जागा त्यानं आपली म्हणून धरलेली असते. तेव्हा तिच्या मागं मोबाईल फिरवू नका, जिथं उभी होती त्याच्या खालच्या फुलावर फोकस लॉक करून ठेवा आणि हात न हलवता उभे राहा, आली की एकामागून एक पटापट दहा-पंधरा काढा. सकाळी ऊन नुकतं यायला लागतं तेव्हा थंडीनं त्या जरा सुस्त असतात, फुलावर बसून ऊन खातात, ती वेळ सगळ्यात सोपी. तुमची सावली फुलावर पडली की खेळ खलास. आणि ठरवून दिलेल्या वाटेवरूनच काढा हो, २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव जागतिक वारशात गेलं तेव्हापासून गर्दी किती वाढलीय बघताच आहात, एका माशीच्या फोटोपायी चार रोपं तुडवायला नकोत.

फोटो जमला की पाठवा. फक्त आधी झूम करून डोळे बघा, वरच्या बाजूला दोन्ही डोळे एकमेकांना चिकटलेले आहेत का मध्ये फट आहे. चिकटलेले असले तर बहुतेक वेळा नर, फट असली तर मादी, तेवढं तुम्हीच लिहून पाठवा म्हणजे माझं निम्मं काम होईल.